दूर जाणारा आवाज कुठे हरवतो?

भाद्रपद जवळ आला की पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यांतून मूर्ती बाहेर पडू लागतात. एखादे मंडळ वाजतगाजत मूर्ती न्यायला येते. अशा वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला घराच्या गच्चीवर उभे राहून कान द्यावा. आधी ऐकू येतो तो ढोल. नुसता 'धम्म, धम्म'. थोड्या वेळाने त्यात ताशाचा कडकडाट मिसळतो आणि मिरवणूक अगदी जवळ आल्यावर झांजेची किणकिण वेगळी ओळखू येते. मिरवणूक पुढे निघून गेली की हीच वाद्ये उलट्या क्रमाने विरत जातात. झांज पहिली जाते, ढोल शेवटी. वाजवणारे तर सगळे एकाच ठिकाणी चालत असतात. मग हा क्रम कुठून आला?

दुसरे कोडे रोह्याचे. पनवेलहून पेण, कासू, नागोठणे, निडी असा येणारा लोहमार्ग १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोचला, आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे याच रोह्यापासून सुरू होते. थंडीतल्या पहाटे, कुंडलिकेच्या खोऱ्यात धुके साचलेले असताना, गाडीची शिट्टी लांबच्या वाडीवरही स्पष्ट ऐकू येते. तीच गाडी भर दुपारी येते तेव्हा त्याच वाडीवर तिची चाहूलही लागत नाही. दुपारी आजूबाजूचा गलबला जास्त असतो हे खरे, पण शांत माळावरही हा फरक जाणवतो. अंतर बदललेले नाही, शिट्टीही बदललेली नाही.

'आवाज लांब गेल्यावर लहान का होतो?' असा प्रश्न सातवी-आठवीच्या वर्गात कोणी तरी विचारतोच. 'वाटेत त्याची शक्ती संपते म्हणून,' हे उत्तर आम्हीही कित्येक वर्षे देत आलो. मुलांना ते पटतेसुद्धा, कारण चालून चालून माणूस थकतो तसा आवाजही थकत असणार. परंतु हे उत्तर फार तर अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे सापडायला माणसाला बराच काळ लागला. त्या शोधाची ही हकिकत. पेण आणि रोह्याची दोन्ही कोडी तिच्यात वाटेत सुटतात.

पाण्यातले वलय आणि कदंबाचे फूल

आवाज चहूकडे पसरतो ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन स्थापत्यकार विट्रुव्हिअस याने नाट्यगृहे बांधण्याविषयी लिहिताना आवाजाची तुलना तळ्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांशी केली. मात्र एक फरक त्याने आवर्जून सांगितला. पाण्यातली वलये पृष्ठभागावर, म्हणजे सपाटीवरच पसरतात, तर आवाज आडवा पसरतो तसा वरही चढतो.

आपल्याकडे न्याय-वैशेषिक परंपरेतही याच प्रश्नाचा ऊहापोह झाला. दूरच्या नगाऱ्याचा आवाज कानापर्यंत येतो कसा, हे सांगण्यासाठी तिथे दोन दाखले वापरलेले दिसतात. एक 'वीचितरंगन्याय', म्हणजे एका लाटेतून पुढची लाट उठावी तसा आधीच्या ध्वनीतून पुढचा ध्वनी उत्पन्न होतो. दुसरा 'कदंबगोलकन्याय'. कदंबाचे फूल आपण पाहिलेले असेल. एका गोळ्यातून सर्व दिशांना केसर उमललेले असतात. आवाजही तसाच एका जागेहून एकदम सर्व दिशांना फुलतो. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या 'भाषापरिच्छेद' या ग्रंथात हे दोन्ही दाखले शेजारी शेजारी आढळतात.

इथे सावध राहायला हवे. या विचारवंतांच्या मते ध्वनी हा आकाशाचा गुण होता. हवेच्या कंपनांचा आजचा सिद्धांत त्यांना ठाऊक होता असे म्हणणे बरोबर होणार नाही. आवाज ऐकू येण्यासाठी हवा लागते, हे रॉबर्ट बॉइलने १६६० मध्ये हवा उपसलेल्या काचपात्राच्या प्रयोगांतून पटवून दिले. पण कदंबाच्या फुलाचे चित्र वर्गात फार उपयोगी पडते, कारण आवाज लहान का होतो याचे पहिले कारण त्या फुलातच दडलेले आहे.

वाटणीचा हिशेब

कदंबाच्या गोळ्यावर केसर आहेत तेवढेच ठेवून गोळा मोठा केला, तर काय होईल? केसर विरळ होतील. एकही केसर गळालेला नाही, तरी एका बोटाखाली पूर्वी दहा येत असतील तर आता एखादाच येईल. आवाजाचे नेमके हेच होते.

प्रकाशाच्या बाबतीत हा हिशेब योहानेस केप्लर याने १६०४ मध्ये मांडला. दिव्यापासून दुप्पट अंतरावर तोच प्रकाश चौपट पृष्ठभागावर वाटला जातो, म्हणून उजेड चौथा हिस्सा होतो. तिप्पट अंतरावर तो नववा हिस्सा होतो. यालाच आपण व्यस्त वर्गाचा नियम म्हणतो. मोकळ्या हवेत पसरणाऱ्या ध्वनीला हाच हिशेब लागू पडतो.

आकडे घालून पाहू. साधे बोलताना माणसाच्या तोंडातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती सुमारे १० मायक्रोवॅट असते. दहा लाख माणसे एकाच वेळी बोलू लागली, तरी त्या साऱ्यांची मिळून शक्ती १० वॅट, म्हणजे एका लहानशा एलईडी दिव्याएवढी. ही चिमूटभर शक्ती १ मीटर त्रिज्येच्या गोलावर पसरते तेव्हा ती सुमारे १२.६ चौरस मीटरवर वाटली जाते. १० मीटरवर १,२५७ चौरस मीटरवर, आणि १०० मीटरवर सव्वा लाखाहून अधिक चौरस मीटरवर. आपला कान मात्र तेवढाच राहतो. त्याच्या वाट्याला येणारा हिस्सा १०० मीटरवर दहा हजार पटींनी कमी होतो.

कानाची एक गंमत अशी की त्याला पटींची भाषा कळते. म्हणूनच १९२० च्या दशकात अमेरिकेतील दूरध्वनी अभियंत्यांनी डेसिबल हे माप रूढ केले. तीव्रता दहापट झाली की १० डेसिबल वाढतात, शंभरपट झाली की २०. या मापात आपला नियम अगदी सुटसुटीत होतो. अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी, दहापट झाले की २० डेसिबल कमी. एका मीटरवर ६० डेसिबल असलेले बोलणे १० मीटरवर ४० डेसिबल, १०० मीटरवर २० डेसिबल.

या सगळ्यात कोणाची शक्ती संपली? कोणाचीच नाही. सगळ्या दिशांचा आवाज गोळा करता आला असता, तर १०० मीटरवरही त्याची बेरीज जवळजवळ तेवढीच भरली असती. ती फक्त वाटली गेली.

पॅरिसची नळी, रायगडची सदर

हे विधान खरे असेल तर त्याचा पडताळा घेता यायला हवा. आवाजाला पसरूच दिले नाही तर तो लहान होता कामा नये. असा पडताळा जवळजवळ नकळत घेतला गेला. १८०८ मध्ये ज्याँ-बाप्तिस्त बिओ हा फ्रेंच शास्त्रज्ञ लोखंडातला ध्वनीचा वेग मोजत होता. त्यासाठी त्याने पॅरिसमध्ये पाणीपुरवठ्यासाठी टाकलेली बिडाची नळी वापरली. नळीची लांबी ९५१ मीटर होती. वेग मोजता मोजता त्याला दिसले की नळीच्या एका टोकाशी अगदी हलक्या आवाजात बोलले, तरी दुसऱ्या टोकाला ते कळते आणि संभाषण करता येते. आपले बोलणे पलीकडे जाऊ नये असे वाटत असेल, तर गप्प बसण्याखेरीज उपाय नाही, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे.

जवळजवळ एक किलोमीटर अंतर! मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरावरून ओरडलेलेही धड कळत नाही, आणि इथे कुजबूज पोचते. नळीतही हवाच होती. फरक एवढाच की तिथे आवाजाला गोलाकार पसरायला जागा नव्हती. जुन्या जहाजांवरच्या बोलण्याच्या नळ्या आणि डॉक्टरांचा स्टेथोस्कोप याच तत्त्वावर चालतात. लेनेकने स्टेथोस्कोप शोधला १८१६ मध्ये, आणि त्याची पहिली आवृत्ती म्हणजे कागदाची गुंडाळी होती.

आपल्याच जिल्ह्यात रायगडावर याचा एक वेगळा अनुभव मिळतो. नगारखान्याच्या दाराशी हलक्या आवाजात बोललेले दोनशे फुटांहून अधिक अंतरावर, सिंहासनाच्या जागी ऐकू येते. सहलीला नेलेल्या मुलांना आपणही ते करून दाखवले असेल. सदरेभोवतीच्या भिंती आवाजाला पांगू देत नाहीत आणि गडमाथ्यावर इतर गोंगाट नसतो, या दोन्हींचा त्यात वाटा असावा असे आम्हाला वाटते. विजापूरच्या गोल घुमटात, जो १६५६ च्या सुमारास पुरा झाला, सुमारे ३८ मीटर व्यासाच्या घुमटाच्या कडेने कुजबूज समोरच्या टोकाला पोचते. लंडनच्या सेंट पॉल चर्चमध्ये असाच सज्जा आहे. तिथे आवाज वक्र भिंतीला चिकटून सरकतो, हे लॉर्ड रॅले याने गणिताने दाखवले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा कुजबुजत्या सज्जांवर प्रयोग केले आणि भारतातल्या अशा वास्तूंचाही अभ्यास केला. भिंतीला बिलगलेला आवाज विट्रुव्हिअसच्या तळ्यातल्या वलयासारखा सपाटीत पसरतो. म्हणून दुप्पट अंतरावर तो चौथा हिस्सा न होता निम्मा होतो.

म्हणजे पहिले उत्तर असे: आवाज लहान होतो तो मुख्यतः वाटला गेल्यामुळे, आणि किती वेगाने लहान होतो हे त्याला पसरायला किती वाटा मोकळ्या आहेत यावर ठरते.

नियम चुकतो कुठे?

हे उत्तर एवढे साधे असते तर आमचा लेख इथेच संपला असता. पण पुन्हा आकडे करून पाहू. निरोगी तरुण कानाला ऐकू येणारा क्षीणातला क्षीण आवाज म्हणजे एका चौरस मीटरवर एका वॅटचा एक लाख-कोटीवा भाग. वाटणीच्या हिशेबाने साधे बोलणे या पातळीला यायला सुमारे ९०० मीटर लागतील. म्हणजे शांत रात्री माळावर कोणी बोलत असेल तर ते पाऊण-एक किलोमीटरवर ऐकू यायला हवे. सहसा तसे होत नाही. उलट कधी कधी फार लांबचा आवाज अनपेक्षितपणे ऐकू येतो. २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर, सुमारे ४,८०० किलोमीटरवर, तोफांच्या आवाजासारखा ऐकू आला. नियम आहे, पण वातावरण तो सरळ पाळू देत नाही.

याचा अभ्यास तोफांपासून सुरू झाला, कारण तोफेचा जाळ लगेच दिसतो आणि आवाज मागून येतो. इंग्लंडमधील अपमिन्स्टरचा पाद्री विल्यम डेरहॅम चर्चच्या मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन बसे आणि थेम्सपलीकडे सुमारे बारा मैलांवर उडणाऱ्या तोफांचा जाळ व आवाज यांतले अंतर मोजी. १७०८ मध्ये त्याने आपली निरीक्षणे मांडली. वाऱ्यामुळे आवाजाच्या वेगात फरक पडतो हे त्याने अचूक टिपले. त्याबरोबरच त्याने असेही लिहिले की धुके आणि पडणारा बर्फ आवाजाला दाबून टाकतात. वेगाची मोजणी उत्तम केलेल्या माणसाचे हे दुसरे मतही लोकांनी प्रमाण मानले, आणि ते दीडशे वर्षांहून अधिक काळ पुस्तकांतून फिरत राहिले.

दरम्यान आपल्या देशातही मोजणी झाली. मद्रास वेधशाळेचा प्रमुख जॉन गोल्डिंगहॅम याने १८२०-२१ मध्ये सेंट जॉर्ज किल्ला आणि सेंट थॉमस माउंट येथे रोज उडणाऱ्या तोफांचा उपयोग करून घेतला. प्रत्येक नोंदीबरोबर तापमान, आर्द्रता आणि वारा लिहून ठेवला. गरम महिन्यांत ध्वनीचा वेग वाढतो, हे त्याच्या नोंदींतून दिसते. आज आपण सांगतो की २० अंश सेल्सिअसला हा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आणि ३० अंशांना सुमारे ३४९ मीटर असतो. फरक थोडा आहे. पण रोह्याच्या कोड्याची किल्ली याच थोड्या फरकात आहे.

धुके, जहाजे आणि रोह्याची शिट्टी

एकोणिसाव्या शतकात धुक्यात जहाजे खडकांवर आदळत. दीपगृहाचा प्रकाश धुक्यात दिसत नाही, म्हणून भोंगे आणि तोफा यांचा उपयोग करायचे ठरले. पण धुके आवाजही दाबत असेल तर हा खर्च फुकट जाणार आणि खलाशी मरणार. ब्रिटिश दीपगृहांच्या मंडळाचा वैज्ञानिक सल्लागार जॉन टिंडल याने १८७३ मध्ये डोव्हरजवळच्या साउथ फोरलंडला भोंगे, शिट्ट्या आणि तोफा मांडल्या आणि स्वतः बोटीतून समुद्रात जाऊन ऐकले.

निकाल सगळ्यांना चकित करणारा होता. काही दिवशी आवाज दहा मैलांपलीकडे पोचे, तर जुलैमधल्या एका स्वच्छ, ऊन पडलेल्या दिवशी तोफ थोड्याच मैलांवर ऐकू येईना. डिसेंबरमध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये दाट धुक्यात त्याने प्रयोग केले, तेव्हा आवाज उत्तम पोचला. डेरहॅमचे मत चुकीचे होते. धुक्याचे कण आवाजाच्या लाटेपुढे इतके बारीक असतात की ते तिला अडवू शकत नाहीत.

मग स्वच्छ दिवशी आवाज गेला कुठे? उन्हाने तापलेल्या हवेत न दिसणारे 'ध्वनीचे ढग' तयार होतात आणि ते आवाज परतवतात, असे टिंडल म्हणाला. मुख्य कारण मात्र दुसऱ्यांनी सांगितले. जॉर्ज स्टोक्स याने १८५७ मध्येच दाखवले होते की जमिनीलगत वारा मंद आणि वर जोराचा असल्याने ध्वनीची लाट वाकते. मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८७४ च्या सुमारास शेतात घंटा वाजवून ते तपासले. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला थोड्याच अंतरावर घंटा ऐकू येईनाशी होई, पण तिथेच उंचावर चढले की ती पुन्हा ऐकू येई. आवाज मेला नव्हता. तो डोक्यावरून निघून गेला होता! तापमानातल्या फरकानेही हेच घडते, हे रेनॉल्ड्सने पुढे मांडले.

आता रोह्याला येऊ. दुपारी जमीन तापते, तिच्यालगतची हवा गरम आणि वरची थंड असते. लाटेचा खालचा भाग गरम हवेतून वेगाने धावतो, वरचा मागे पडतो, आणि रांगेतल्या मुलांपैकी एका टोकाची मुले जोरात चालू लागली की रांग वळते तशी लाट वर वळते. ठरावीक अंतरानंतर जमिनीवर ध्वनीची सावली पडते. शिट्टी वाजत असते, पण ती आपल्या डोक्यावरून जाते. थंडीच्या रात्री याच्या उलट घडते. जमीन निवते, खालची हवा थंड होते आणि वर उबदार थर राहतो. लाट खाली वळते. वर जाऊन वाया जाणारा आवाजही परत जमिनीकडे येतो. डोंगरांमधल्या खोऱ्यात थंड हवा साचून राहते, वारा पडलेला असतो आणि त्याच कारणाने धुकेही धरते. म्हणून रोह्याला धुके आणि स्पष्ट शिट्टी एकत्र येतात. धुक्यामुळे शिट्टी ऐकू येते असे मात्र नाही. दोन्ही एकाच शांत, थंड हवेची लेकरे आहेत. डेरहॅमसारखा चांगला निरीक्षकही सोबत आणि कारण यांची गल्लत करू शकतो, हा धडा विज्ञानाच्या वर्गात अवश्य सांगावा.

हवेचा कर आणि पेणचा ढोल

वाटणी झाली, वाकणे झाले. तरीही ढोल-ताशाचे कोडे राहिलेच, कारण या दोन्ही गोष्टी ढोलाला आणि झांजेला बहुतेक सारख्याच लागू पडतात. इथे मात्र मुलांचे 'शक्ती संपते' हे उत्तर कामी येते.

आवाजाच्या लाटेत हवा क्षणभर दाबली जाते आणि क्षणभर विरळ होते. हवेच्या थरांमधल्या घर्षणाने त्यातली थोडी शक्ती उष्णता बनते, हे स्टोक्सने १८४५ मध्ये गणिताने दाखवले. दाबलेली हवा किंचित तापते, तिची उष्णता शेजारच्या विरळ भागात झिरपते आणि त्यातही शक्ती जाते, अशी भर गुस्टाव किर्कहोफने १८६८ मध्ये घातली. दोन्ही हिशेबांनुसार उंच सुराची झीज खूप जास्त. वारंवारता दुप्पट तर झीज चौपट.

पण मोजल्यावर प्रत्यक्ष झीज या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक भरली. हे गूढ १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला उकलले. कॅलिफोर्नियातील व्हर्न नुड्सेन बंद खोलीतला आवाज विरायला किती वेळ लागतो हे मोजत होता. खोलीतली आर्द्रता बदलली की उंच सुरांचे विरणे बदलते, हे त्याच्या ध्यानात आले. हान्स क्नेसर या जर्मन शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये त्याचे कारण सांगितले. ऑक्सिजनचा रेणू आवाजाच्या लाटेकडून थोडी ऊर्जा उसनी घेतो, आतल्या आत कंप पावतो आणि ती परत करतो, पण उशिरा. तोवर लाट पुढे गेलेली असते, आणि उशिरा आलेले पैसे उष्णतेच्या खात्यात जमा होतात. नायट्रोजनही असेच करतो. पाण्याची वाफ असली की या व्यवहाराचा वेग बदलतो. म्हणून कोरड्या हवेत उंच सूर लवकर मरतात. १५ अंश तापमानाला आर्द्रता ८० टक्के असेल तर ४,००० हर्ट्झचा सूर किलोमीटरला सुमारे २४ डेसिबल गमावतो. आर्द्रता २० टक्के असेल तर सुमारे ८९!

पेणची हवा दमट. ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता धरली, तर एका किलोमीटरला १२५ हर्ट्झचा जाड सूर केवळ ०.३ डेसिबल गमावतो, १,००० हर्ट्झचा ७ हून थोडा अधिक, आणि ४,००० हर्ट्झचा २३. ढोलाच्या 'धम्म'मध्ये जाड सूर प्रबळ असतात, ताशात आणि झांजेत बारीक. एक किलोमीटरवर हवेने ढोलाकडून जवळजवळ काहीच घेतलेले नसते. झांजेकडून मात्र तिने शंभरातले नव्याण्णव भाग काढून घेतलेले असतात. वाटेतली झाडे आणि घरेही बारीक सुरांनाच अधिक अडवतात. जाड सूर त्यांना वळसा घालून येतात. पेणचे कोडे सुटले. जवळ पडलेल्या विजेचा कडकडाट आणि लांबच्या विजेचा नुसता गडगडाट यांतही हवेच्या या कराचा हात आहे.

दोन्ही कारणांचा स्वभाव वेगळा आहे, हे फळ्यावर मांडून दाखवावे. वाटणी दर दुप्पट अंतराला ६ डेसिबल घेते. हवा दर किलोमीटरला ठरावीक डेसिबल घेते. १ मीटरपासून १०० मीटरपर्यंत वाटणीने ४० डेसिबल जातात, तर १,००० हर्ट्झच्या सुराचा हवेचा कर पाऊण डेसिबलही भरत नाही. १ मीटरपासून १० किलोमीटरपर्यंत मात्र वाटणी ८० घेते आणि हवा ७४. जवळच्या अंतरात वाटणीचे राज्य, लांबच्या अंतरात हवेचे.

शंभर मीटरची रेघ

आता हे सारे आपल्या शाळेच्या दारात आणून ठेवू. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांमध्ये रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतीच्या किमान १०० मीटरच्या परिसराला शांतता क्षेत्र म्हटले आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी राज्य शासनाची अधिसूचना लागते. अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आणि रात्रीची ४० डेसिबल. निवासी भागात त्या ५५ आणि ४५ आहेत.

१०० मीटरवर ५० डेसिबल हवे असतील, तर एका मीटरवर कर्ण्याचा आवाज किती चालेल? वाटणीने ४० डेसिबल जातात, तेव्हा ९०. समजा कोणी ११० डेसिबलचा कर्णा नेमका त्या रेघेवर, शाळेपासून १०० मीटरवर लावला. शाळेच्या दारात ७० डेसिबल येतील. ते ५० वर आणायचे तर कर्णा एक किलोमीटर लांब न्यावा लागेल. हाही मोकळ्या मैदानाचा हिशेब झाला. दोन्ही बाजूंना घरे असलेल्या अरुंद गल्लीत आवाजाला पांगायला जागा नसते. ती गल्ली म्हणजे बिओची नळीच. ध्वनिवर्धकांची भिंत उभी केली तर तिच्या जवळपास आवाज नियमाहून सावकाश उतरतो. आणि जाड सुरांकडून हवा कर घेत नाही, त्यामुळे बंद खिडकीतूनही आत येते ती 'धम्म'. त्यात रात्र असेल तर आवाज खाली वळतो. म्हणजे जेव्हा आजारी माणसाला झोप हवी असते, तेव्हाच निसर्ग आवाजाला मदत करतो. मोकळ्या जागी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावू नयेत, या नियमावर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात भर दिला. त्यामागे भौतिकशास्त्राचेही बळ आहे, हे आपल्या ध्यानात येईल.

ही चर्चा वर्गात वादाची होऊ शकते. उत्सव सर्वांचा आहे आणि पेणसारख्या गावाचा तर तो प्राण आहे. म्हणून वाद न घालता मोजावे, असे आम्ही सुचवतो. मोबाइलवर ध्वनी मोजणारी अॅप मिळतात. त्यांचा आकडा अगदी अचूक नसला तरी फरक पुरेसा बरोबर येतो. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानात एक लहान कर्णा लावून ५, १०, २० आणि ४० मीटरवर नोंद घ्यावी. दर दुप्पट अंतराला ६ डेसिबल उतरतात का? मग तेच गल्लीत करावे. मग ढोल आणि झांज आळीपाळीने वाजवून पाहावे. बागेला पाणी घालायची २०-२५ मीटर लांबीची नळी घेतली, तर बिओचा प्रयोगही एका तासात होतो. कुजबुजणारा शाळेच्या एका टोकाला आणि ऐकणारा दुसऱ्या टोकाला. मोजणी सुरू करण्यापूर्वी आसपासच्या गोंगाटाची नोंद घ्यायला विसरू नये. लोहमार्गाजवळ मात्र कोणताही प्रयोग करू नये. शिट्टीची नोंद घरी अंगणात बसून करावी: तारीख, वेळ, धुके, वारा, आणि ऐकू आली की नाही. कुंडलिकेच्या खोऱ्यातल्या चार वाड्यांवरच्या मुलांनी हिवाळाभर अशी वही ठेवली, तर रेनॉल्ड्सचा शोध त्यांना त्यांच्याच अक्षरात वाचायला मिळेल.

पुढच्या वेळी वर्गात तो प्रश्न आला की आम्ही एका वाक्यात उत्तर देणार नाही. आधी कदंबाचे फूल दाखवू. मग विचारू, 'आवाज संपला, वाटला गेला, की डोक्यावरून गेला?' तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. कुठे, केव्हा आणि किती, हे मात्र मुलांना मोजूनच कळेल.